लोटा रिकामा आहे का, मुक्या बाईला विचारा

आमचा जादूचा खेळ मी अजून एकदाही पाहिलेला नाही. अकरा वर्षं मी त्या खेळात आहे, पण पेटीच्या आत. बाहेर आमचे मालक, म्हणजे माझे घरधनी, डोक्याला तुऱ्याचा फेटा बांधून बोलत असतात, पेटीत लाकडी तलवारी खुपसतात, लोक ओरडतात, आणि मी आत गुडघे पोटाशी घेऊन अंधारात बसलेली असते. त्यामुळे खेळ मला पाठ आहे तो कानांनी. लोकांनी श्वास कधी रोखला, म्हाताऱ्या "अगा माय" कधी म्हणाल्या, पुढे बसलेल्या बाया कधी मागे सरकल्या, हे सगळं मला आतून कळतं.

तलवारी खुपसताना मालक मधेच लोट्याचा खेळ करतात. लोटा उलटा करून सगळं पाणी बादलीत ओततात. थेंब राहत नाही. मग इकडचं तिकडचं बोलतात, पुन्हा लोटा उलटा करतात, आणि पुन्हा पाणी. तिसऱ्यांदा बादलीत पाणी पडलं की तो माझा इशारा. मग मला आत जे करायचं असतं ते मी करते. काय करते ते लिहिणार नाही. ही वही कोणी वाचणार नाही हे माहीत आहे, तरी नाही. लग्न झालं त्याच आठवड्यात मालकांनी तशी शपथ घातली होती. लोट्याबद्दल एवढंच लिहिते की तो रिकामा दिसतो, पण रिकामा नसतो. पुढचं समजायला एवढं पुरे आहे.

मालक काही मोठे जादूगार नाहीत. आमची तिरोड्याकडे थोडी धानाची शेती आहे. वर्षभर आम्ही त्या धानाच्या बांधीत असतो. जादू फक्त मंडईची. आमच्याकडे भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया सुरू होतात, आज या गावची तर उद्या त्या गावची. जत्राच असते, दुकानं लागतात, दंडार नाचते, लेकी-जावई येतात, ज्याच्या त्याच्या घरी पाहुणे. दंडारीच्या आधी भर दुपारी तासभर आमचा खेळ असतो. पाच-सहा गावं ठरलेली आहेत. आमच्या स्वतःच्या गावात मात्र कोणी बोलावत नाही. तिथे सगळे मालकांना लहानपणापासून ओळखतात.

आता मुकेपणाचं सांगते.

लग्नानंतरच्या पहिल्या मंडईत मालकांनी मला मंचावर उभं केलं आणि लोकांसमोर विचारलं, "सांगा बाई, तुम्ही पेटीत जायले भेता का?" मी "नाही" म्हणायचं होतं. एवढा एकच शब्द. घरी वीस वेळा म्हणून दाखवला होता. पण समोर इतकी डोकी पाहिली आणि माझी जीभ टाळूला चिकटली. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, तेव्हाही गुरुजींनी उभं केलं की माझं असंच व्हायचं. येत असायचं सगळं, पण बाहेर पडायचं नाही. मालकांनी पुन्हा विचारलं. लोक हसू लागले. तेव्हा मालक हात जोडून म्हणाले, "माफ करा मंडळी, मीच चुकलो. बाई मुकी आहे."

लोकांचं हसणं बंद झालं. कोणीतरी "अरेरे" म्हणालं. आणि मी पेटीतून बाहेर आले तेव्हा अशा टाळ्या पडल्या की तशा मालकांच्या उस्तादालाही कधी पडल्या नसतील. झालं. त्या दिवसापासून मी खेळात मुकी.

मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट बरंच झालं. मंडईत कोणी मला नाव विचारेना, गाव विचारेना, मूलबाळ विचारेना. बाया नुसत्या माझ्याकडे पाहून हसायच्या आणि मी हसायचे. माझ्यासारखीला याहून काय हवं? वर "बिचारी" म्हणून ताटात एक वडा जास्त पडायचा.

एक बाई मात्र नुसतं हसून थांबली नाही. दवनीवाड्याच्या अलीकडे एक गाव आहे, तिथली ती. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, उंच, हातात हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत. दुसऱ्या वर्षी खेळ संपल्यावर ती मंचाजवळ आली, माझं मनगट धरलं आणि मालकांना म्हणाली, "मी नेतो हिले जेवाले. तुम्ही या पाटलाच्या घरून खाऊन." तेव्हापासून दरवर्षी तसंच. ती माझं मनगट धरायची आणि मी तिच्यामागे जायचे.

मनातल्या मनात मी तिला बाई म्हणायचे, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. सासूशी ती पोवारीत बोलायची, माझ्याशी आमच्या बोलीत. आणि किती बोलायची! सासू मंडईत गेलेली, नवरा पाहुण्यांत, मी चुलीजवळ पाटावर. कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या माझ्या ताटात टाकत टाकत ती वर्षभराचं सगळं काढायची. गोठ्यामागे जाऊन ती दातांना तंबाखूची गुडाखू लावते, हे मला माहीत होतं. सासूच्या लाडक्या कोहळ्याचा वेल निंदताना बाईच्याच विळ्याने कापला गेला आणि तिने नाव शेजारच्या बकरीचं सांगितलं, हेही. त्या बकरीपायी सासू आणि शेजारीण दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. दरवर्षी मी गेले की बाई आधी त्या भांडणाची खबर द्यायची आणि तोंडावर पदर घेऊन हसायची.

एका वर्षी मात्र हसली नाही. बाप गेल्यावर तिने तिच्या वाट्याची बांधी भावाच्या नावे सोडून दिली होती. कागदावर सही करताना हसत होती, म्हणाली. भाऊ दरवर्षी नव्या तांदळाचं एक पोतं पाठवतो. ते आलं की बाई त्यातला एक मूठभर तांदूळ वेगळा शिजवते आणि कोणी नसताना एकटी खाते. तोंडी लावायला काही घेत नाही. "चव तेच आहे," ती म्हणाली. "तुले सांगतो म्हनून सांगतो. तू कोनाले सांगशीन?"

मी मान हलवली. आणि खरंच कोणाला सांगितलं नाही. मालकांनाही नाही.

कधी कधी वाटायचं, आपणही काही बोलावं. चौथ्या-पाचव्या वर्षापासून तर फार वाटायचं. पण आता कसं बोलायचं? मुक्या माणसाला एकदम वाचा फुटत नाही. मी माझं असं समाधान करून घ्यायचे की मी तिच्याशी खोटं तर बोललेली नाही. मी बोललेच नाही, मग खोटं कुठून आलं?

तर गेल्या दिवाळीआधी काय झालं, की आमच्या भागात जे छोटं रेडिओ केंद्र आहे, वीस-पंचवीस गावांत ऐकू येतं ते, तिथून मालकांना फोन आला. मंडईवर कार्यक्रम करणार होते. दंडारवाले येऊन गेले होते, आता जादूगार पाहिजे होता. मालकांनी फोनवरच "हो जी, हो जी" करून टाकलं.

"अजी, रेडिओवर जादू कोनाले दिसन?" मी विचारलं. मालकांशी मी बोलते, घरात मी बरीच बोलते.

"तुले तरी कुठी दिसते? तरी तू अकरा साल करून राहिली ना?"

ते तर खरंच होतं. पण मला दुसरी एक गोष्ट आठवली. बाई रेडिओ ऐकते. दुपारी स्वयंपाकघरात तिचा रेडिओ लागलेलाच असतो. हेच केंद्र. आणि रेडिओत आवाजाशिवाय काही नसतं.

"मी नाही येत," मी म्हटलं.

"अवो, तुले बोलायचं कुठी आहे? पेटीत बसायचं. मुकी ते मुकीच."

कार्यक्रमाच्या दिवशी मालक पावडर लावून, चमकीचा कोट घालून, तुऱ्याचा फेटा बांधून तयार झाले. मी म्हटलं, रेडिओत कोण पाहणार आहे? तर म्हणाले, "कोट घातल्याबिगर माया आवाजच निघत नाही." भाड्याच्या छोट्या हत्तीत, म्हणजे त्या लहान टेम्पोत, पेटी चढवली आणि आम्ही निघालो. तिथे पोचल्यावर पहिली फजिती. ज्या खोलीत बोलायचं होतं तिचं दार इतकं अरुंद की पेटी आत जाईना. उभी केली, आडवी केली, तिरपी केली. तिथला काचेमागे बसणारा माणूस म्हणाला, "चाचा, ये दरवाजा निकालना पडेगा." शेवटी पेटी ओसरीत राहिली आणि मी पेटीबाहेर. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा खेळ चालू असताना मी पेटीबाहेर असणार होते. हात कुठे ठेवावे ते मला कळेना.

खोली लहान होती. भिंतींना जाड कापड लावलेलं. टेबल, दोन माईक, आणि एक तरतरीत पोरगी, जी प्रश्न विचारणार होती. तिने मला पाणी दिलं आणि मालकांना विचारलं, "मावशी काही बोलणार?"

"मुकी आहे," मालक सवयीने म्हणाले.

पोरीचा चेहरा पडला. मी मान खाली घातली. घराबाहेर आम्ही इतके दिवस तेच सांगत आलो होतो, की आता खरं सांगायचं त्यांना सुचलंच नाही.

कार्यक्रम सुरू झाला. मालकांनी मंडईच्या गोष्टी छान सांगितल्या. उस्तादाकडे कसे शिकले, पहिल्या खेळात खिशातलं कबुतर कसं खिशातच झोपलं. पण जादू म्हटल्यावर ते उठले, हात हवेत फिरवले, डोळे मोठे केले, बोटं नाचवली आणि गप्प राहिले. मंचावर ते असेच गप्प राहतात आणि लोक श्वास रोखतात. इथे काचेमागचा माणूस दोन्ही हात हलवू लागला. रेडिओवर नुसती शांतता चालली होती. पोरगी घाईघाईने म्हणाली, "तर मित्रहो, आत्ता काका हात फिरवत आहेत... अजून फिरवत आहेत..."

मला आतून कळत होतं कुठे चुकतंय. अकरा वर्षं मी हा खेळ असाच ऐकला होता. मी मालकांच्या कोटाची बाही ओढली आणि लोट्याकडे बोट दाखवलं. लोट्याला आवाज आहे. ते त्यांना पटलं.

मग लोटा बादलीत ओतला. माईक जवळ होता, पाणी असं पडलं की जणू नदीच. शेवटचा थेंबही ऐकू आला, टप्. मालक बोलले, लोटा पुन्हा उलटा केला. पुन्हा पाणी. पोरगी "बापरे" म्हणाली, ती खरंच म्हणाली, कारण ती अगदी जवळून पाहत होती. आणि फोन वाजू लागले.

पहिला फोन एका माणसाचा. "काऊन जी जादूगार, टेबलाखाली घागर आहे का नळ लावला आहे?"

"नाही जी, लोटाच आहे," मालक म्हणाले.

"मले का दिसून राहिलं? मी तं सायकलच्या दुकानात बसलो आहो." आणि खोखो हसून त्याने फोन ठेवला.

दुसरा फोन आला. त्यात मागे कढईत काहीतरी चरचरत होतं आणि आमचाच कार्यक्रम घुमत होता. पोरगी म्हणाली, "ताई, आधी तुमच्या रेडिओचा आवाज कमी करा. हां. नाव सांगा."

"नाव कायले पाह्यजे? सासूनं ऐकलं तं म्हनन, काम सोडून फोन करते."

मी मान वर केली. तो आवाज मी लाखात ओळखला असता.

"मी का म्हनतो," बाई म्हणाली, "माईक तुमचा, लोटा त्यायचा, पोरगी तुमचीच. मानावं कसं मानसानं? पन जादूगारासंगं ते मुकी बाई आली असन ना?"

"आली आहे जी. बाजूलेच बसली आहे," मालक खूश होऊन म्हणाले.

"मंग तिले विचारा. ते दरसाल माया घरी जेवते. तिचं मी मानतो, बाकी कोनाचं नाही मानत. तिच्या हाती द्या लोटा. रिकामा असन तं टेबलावर एक डाव ठोक म्हना. नसन तं दोन डाव."

पोरगी आनंदाने खुर्चीतून उठलीच. "वा! काका, द्या मावशींच्या हातात!"

मालकांनी लोटा माझ्या हातात दिला आणि डोळ्यांनी सांगितलं, एक. एक ठोक.

लोटा रिकामा नव्हता. मला ते हातालाच कळत होतं. एकदा ठोकलं असतं तर मालकांचा खेळ झाला असता, बाईने मानलं असतं, मी मुकीच राहिले असते आणि येत्या मंडईला तिच्या चुलीजवळ पाटावर बसले असते. सगळं होतं तसं राहिलं असतं. फक्त इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिच्याशी खोटं बोलले असते, तेही तिने एवढ्या लोकांसमोर माझ्यावर विश्वास ठेवला असताना. दोनदा ठोकलं असतं तर मालकांचं काय झालं असतं? मी बोट टेबलावर ठेवलं. उचललं. पुन्हा ठेवलं. मागे कढई चरचरत होती. ती वाट पाहत होती.

"बाई," मी म्हटलं. "मी मुकी नाही वो."

एवढंच. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. तो तिकडे तिच्या कमी केलेल्या रेडिओतूनही पुन्हा घुमून आला, "...मुकी नाही वो." नंतर कढईची चरचर तेवढी ऐकू येत राहिली. मग फोन कटला.

काचेमागचा माणूस उभा राहिला होता. पोरीचं तोंड उघडंच. आणि आमचे मालक! मालक एका क्षणात फेटा सावरून माईकवर वाकले आणि ओरडले, "ऐका हो ऐका! अकरा सालाची मुकी बोलली! लोट्याचं पानी पेली आनं बोलली! दिसत नाही म्हनत होते ना जादू? आता कानानं पाहा!"

मी कसलं पाणी प्यायले? पण फोन असे वाजू लागले की काचेमागच्या माणसाला दोन हात पुरेनात. कोणी मालकांना महाराज म्हणालं. कोणी रडलं. पोरगी मला म्हणाली, "मावशी, आणखी एक वाक्य!" पण माझी जीभ पुन्हा टाळूला चिकटली होती.

परत येताना तिरोड्याला चहाला थांबलो. तुऱ्याचा फेटा पाहून टपरीवरच्या एका माणसाने ओळखलंच. आम्हाला चहा पाजला आणि हळूच मालकांना म्हणाला, "उलटी जादू येते का जी? माया घरच्या बाईले आठ दिवस मुकी करून द्या. जास्त नाही, आठच दिवस."

मालक पोट धरून हसले. मला हसू आलं नाही.

"तुम्ही असं काऊन म्हटलं?" मी विचारलं. "लोकायले खरंच वाटन ना."

"मंग का म्हनू? बायको दरसाल मंचावर ढोंग करून राहिली म्हनू?" असं म्हणाले खरे, पण नंतर बराच वेळ बशीतला चहा फुंकत बसले. शेवटी म्हणाले, "मंडईत सांगून टाकू. पहिल्याच मंडईत. नाहीतर उद्या कोनी आपल्या मुक्या लेकराले घेऊन येईन, तवा मी का करीन?"

हे ऐकून मला त्यांच्याबद्दल फार बरं वाटलं. पण मला घोर होता तो बाईचा. लोकांचा नव्हताच.

पहिली मंडई नेमकी बाईच्याच गावची होती. मी जाणार नाही म्हणून दोन दिवस धरून बसले. मालक म्हणाले, "नको येऊ. मी पेटीत बटाटे भरून नेतो." मग मी गेले.

मंचावर मालकांनी कबूल केल्याप्रमाणे सांगितलं. माझी बायको मुकी नाही, कधी नव्हती, लाजरी आहे, पहिल्या दिवशी लाजेनं गप्प राहिली आणि मीच मुकी म्हणून टाकलं, चूक माझी. मला वाटलं लोक दगड मारतील. लोक हसले. एक म्हातारी ओरडली, "मंग अकरा सालाचे वडे वापस कर वो!" आणि सगळी मंडई हसली. मी पेटीत शिरले ते सुटल्यासारखी शिरले.

आत बसून मी कान लावला. बाईचं हसणं मला पेटीतूनही ओळखू यायचं. लोट्याला दुसऱ्यांदा पाणी आलं की ती दरवर्षी एकदा मोठ्याने "हॅट!" म्हणायची. दुसऱ्यांदा पाणी पडलं. म्हाताऱ्या "अगा माय" म्हणाल्या. पण "हॅट" आलं नाही. तिसऱ्यांदा पाणी पडलं आणि मी माझं काम केलं, पण उशिरा. मालक बाहेर दोन वाक्यं जास्त बोलले.

खेळ संपला. मी मंचाजवळ उभी राहिले. कोणी माझं मनगट धरायला आलं नाही.

तेव्हा मी एकटी निघाले. मंडईच्या गर्दीतून एकटीने जायची मला सवय नाही. बांगड्यांच्या दुकानापाशी दोघी-तिघींनी अडवलं, "बोल ना वो बाई, दोन शब्द बोल." मी म्हटलं, "जाऊ द्या." त्या म्हणाल्या, "बोलली, बोलली!" मी तोंडावर पदर घेऊन पळालेच म्हणा ना.

बाईचं दार उघडं होतं. आतून कोचईच्या वड्यांचा वास येत होता. ती चुलीजवळ पाठमोरी बसली होती. हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज येईना. मग मी चौकटीवर ठोकलं. एक डाव. आणि पुन्हा एक डाव.

ती वळली नाही. "आता ठोकते कायले?" म्हणाली. "तोंड आहे ना?"

"लोटा रिकामा नव्हता, बाई," मी म्हटलं. "ते सांगाले आली."

"ते मले तवाच समजलं. रिकामा असता तं ठोकलं असतंस." आता ती वळली. डोळे लाल होते, धुराने असतील. "पन हे का केलंस तू? गुडाखूचं तुले मालूम. कोहळ्याचं मालूम. बांधीचं... माया मायलेही ते नाही मालूम. मी समजत होतो, हे गायीजवळ बोलल्यासारखं आहे."

"मी कोनाले नाही सांगितलं. मालकायलेही नाही."

"मालूम आहे. सांगितलं असतंस तं सासूनं मले कवाचं हाकललं असतं."

"मंग आता?"

तिने झाऱ्याने कढईतल्या वड्या काढल्या. मग उठली, पाट टाकला, ताट ठेवलं. "बस," म्हणाली. "मी बोलली, तू आयकलं. आता उलटं. आता मी मुकी. तू बोल. जेवन होयेपर्यंत माया तोंडातून शबूद नाही निघनार, तुया मात्र थांबला नाही पाह्यजे." आणि तिने पदर तोंडावरून घेऊन मानेमागे पक्की गाठ मारली, धान चुरताना धूळ जाऊ नये म्हणून बाया मारतात तशी.

मी पाटावर बसले. तिने ताटात वड्या टाकल्या आणि झाऱ्याने माझ्याकडे खूण केली, कर सुरू.  मी एक वडी खाल्ली. तिने पुन्हा झारा हलवला.

"बाई," मी म्हटलं, "तुया वड्यायले मीठ कमी राहते. पहिल्या सालापासून."

तिचे डोळे एवढे मोठे झाले. हात पदराच्या गाठीकडे गेला, पण तिने तो मागे घेतला. मग तिचे खांदे हलू लागले. पदराआड ती हसत होती, आवाज न करता, माझ्यासारखी.

त्यानंतर मला थांबता आलं नाही. पेटीत आत कसा रंगाचा वास येतो, ते सांगितलं. आतल्या लाकडाला मी एका खिळ्याने दर मंडईची एक रेघ मारते आणि तिच्या गावची रेघ लांब मारते, हे सांगितलं. मुकी म्हटल्यावर मला किती मोकळं वाटलं होतं, आणि नंतर नंतर तिच्यासमोर बसून गिळलेले शब्द घरी जाऊन कसे म्हशीला सांगायचे, तेही सांगितलं. म्हशीचं ऐकून तिने कपाळावर हात मारला. आणखी एक गोष्ट सांगितली, तिच्या मूठभर तांदळासारखी माझी. ती इथे लिहीत नाही. ती आता तिच्यापाशी आहे, आणि ती कोणाला सांगणार नाही.

बाहेर छोटा हत्ती भोंगा वाजवू लागला. मालक हाका मारत होते, पेटी चढवली, चला. ताटातली शेवटची वडी मी तोंडात टाकली आणि उठले. बाईने उरलेल्या वड्या पळसाच्या पानात बांधून माझ्या हाती दिल्या, तोंड अजून बांधलेलंच. माझं मनगट धरून दारापर्यंत आली. मी पायरी उतरले. गल्लीच्या वळणापर्यंत गेले.

तेव्हा मागून बांगड्या वाजल्या. तिने गाठ सोडून पदर खाली ओढला होता आणि सगळ्या मंडईला ऐकू जाईल एवढ्याने विचारत होती,

"खरंच कमी राहते का वो मीठ? अकराही साल?"

"एक सालच बरोबर होतं!" मी तेवढ्याच मोठ्याने ओरडले. बांगड्यांच्या दुकानापाशी सगळ्यांनी वळून पाहिलं. मी पदर घ्यायचं विसरले.